पोटावरचा उजेड

भाऊ,

तुझं तेराव्याचं जेवण परवा झालं आणि आज सकाळी शकुवहिनींनी फ्रीज धुवायला काढला. अख्खा नाही, फक्त वरचा बर्फाचा कप्पा. आधी साबणाचं पाणी, मग लिंबाची फोड, मग गोमूत्र. मी म्हटलं, "वहिनी, तिथलं ते सगळं केव्हाच पुण्याला गेलं. आणि होतं तेव्हाही डबी पिशवीत होती, पिशवी डब्यात होती." त्यांनी मान वरही केली नाही. म्हणाल्या, "आसू द्या वन्सं. ते व्हते तवर मी कायच बोलले न्हाई." हे साफ खोटं. तू होतास तेव्हा त्या एवढं बोलल्या की कामशेतच्या निम्म्या पेठेला तुझ्या पोटाची खबर होती.

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. गेले दोन आठवडे लोक दारात बसून ज्याच्याबद्दल बोलत होते, तो माणूस मला ओळखीचा वाटत नव्हता. देवमाणूस म्हणे. सोशिक म्हणे. कधी कुणाला उलटून बोलला नाही म्हणे. माझ्या लग्नात तू आचाऱ्याशी तांदळाच्या वाणावरून भांडला होतास आणि पंगत खोळंबली होती, ते सगळे विसरले. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. तुझं माझं एक भांडण अर्धं राहिलंय. आणि एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. ती आधी सांगते, नाहीतर पुन्हा राहील.

मला वास येत नाही, भाऊ.

सर्दी नाही, पडसं नाही. लोणावळ्याच्या माझ्या घरात मी मसाला भाजते, धने, खोबरं, दगडफूल, सगळं एकामागून एक कढईत पडतं, गल्लीतले लोक खिडकीतून विचारतात, "सुमनताई, आज भाजणं काढलं वाटतं?" आणि मी कढईवर वाकून उभी असते, तर मला काही म्हणजे काही कळत नाही. रंग बघून उतरवते. खोबऱ्याचा आवाज ऐकून उतरवते. गिऱ्हाईक अजून तुटलेलं नाही, पण पूर्वीसारखं कौतुकही कुणी करत नाही.

इतर कुणाला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, वय झालं. तू तसं म्हणाला नसतास. कारण तुझा हात थरथरायला लागला त्याच्या कितीतरी वर्षं आधी तुझं नाक गेलं होतं, पोट साफ होईनासं झालं होतं आणि झोपेत तू ओरडायला लागला होतास. पार्किन्सन्स हे नाव आपल्या घरात आलं ते फार उशिरा. आजार त्याआधीच येऊन बसला होता, फक्त त्यानं हाक मारली नव्हती. माझं नाक गेलंय आणि माझं पोटही काही वर्षं कुरकुर करतंय. तेव्हा मला काय भीती आहे हे तुला समजावून सांगायला नको.

तुझ्या नाकाची तर काय ख्याती होती. दुकानात पोतं उतरलं की तू मूठभर तांदूळ घ्यायचास, मुठीत तोंडाची वाफ सोडायचास आणि नाकाशी न्यायचास. आंबेमोहर खरा की मिसळलेला, नवा की जुना, पवनेच्या बाजूचा की इकडचा, तू डोळे मिटून सांगायचास. शेतकरी तुला वचकून असायचे. आणि मग एका वर्षी तू मूठ नाकाशी नेऊन तशीच वहिनींपुढे धरायला लागलास. "जरा बग गं, मला पडसं झालंय." तुझं ते पडसं पुढं गेलंच नाही. वहिनी दुकानात गादीवर येऊन बसायला लागल्या. लोकांना वाटलं शेठ आळसावला आणि बायको कारभारीण झाली. खरं काय ते तुम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आणि मी बहीण असून मलाही ते तुझ्या आजाराचं निदान झाल्यावर कळलं.

मग त्या मॅडम आल्या. पुण्यातल्या संशोधन करणाऱ्या डॉक्टर, कॉलेजातल्या पोरीसारख्या दिसणाऱ्या, बोलताना केस कानामागे सारणाऱ्या. त्यांना पार्किन्सन्सची माणसं हवी होती. पोटावर एक पट्टा बांधायचा, त्यातून उजेड पोटावर पडणार, आणि त्यानं पोटातल्या जंतूंच्या वस्तीत काही फरक पडतो का, माणसाला काही बरं वाटतं का, हे त्यांना बघायचं होतं. तू दोनदा नाही म्हणालास. मग एक दिवस अचानक हो म्हणालास. का, ते मी तेव्हा विचारलं नाही. मला वाटलं, दुखण्याला कंटाळला असेल.

त्यांच्याबरोबरचं तुझं पहिलं बोलणं मला अजून आठवतं, कारण मी चहा घेऊन उभी राहिले ती उभीच राहिले.

"मॅडम, पोटात काळाकुट्ट आंदार. तितल्या जंतूंना उजेड काय कळनार? त्यांना डोळं हायती का?"

"नाहीत, काका. आणि उजेड तेवढा आत पोचतही नाही. थोडासाच जातो, कातडीच्या खाली. तिथल्या पेशींवर काही परिणाम होत असेल आणि त्यांचा निरोप पुढं आतड्यापर्यंत जात असेल."

"आसंल म्हंजे?"

"म्हणजे आम्हाला नक्की माहीत नाही."

तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं कुणी दुकानात येऊन न मागता खरा भाव सांगितलाय. त्या गेल्यावर म्हणालास, "सुमे, येवडी शिकल्याली बाई, आन तोंडावर सांगती, माहीत न्हाई. हिच्यावर इस्वास ठिवायला हरकत न्हाई." मी म्हटलं, "आरं, पर काही पट्टे बिनउजेडाचे असतात म्हणाली की ती. तुला तसला दिला म्हणजे? फसवलं म्हणजे?" तर तू म्हणतोस, "फसवनार हावोत म्हनून सांगूनच फसवत्यात. त्येला फसवनं म्हनत न्हाईत." तुझ्यापुढं माझं शहरी मराठी टिकत नाही हे एक, आणि तुझ्यापुढं माझा मुद्दाही टिकत नाही हे दुसरं.

पोटातली वस्ती, हा शब्द तुला भलताच आवडला. आपण जेवतो ते आपण एकटे जेवत नाही, आत एक अख्खं गाव पंगतीला बसलेलं असतं, आणि पार्किन्सन्सच्या माणसाच्या पोटातलं गाव जरा वेगळं असतं, काही लोक कमी झालेले, काही भलतेच माजलेले. गाव आधी बिघडतं की मेंदू आधी बिघडतो, हे कुणालाच ठाम सांगता येत नाही. तू दुकानातल्या गिऱ्हाइकांना हे सांगायचास. बिचारे किलोभर इंद्रायणी न्यायला आलेले असायचे. एकानं विचारलं, "मंग त्या गावाचा सरपंच कोन?" तू त्यावर दोन दिवस विचार केलास. मला फोन करून विचारलंस, मी मॅडमना विचारलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काकांना सांगा, अजून निवडणूक चालू आहे."

आणि मग ते नमुने. तुझी परसाकडची डबी गोठवून ठेवायची होती, पुण्याहून माणूस येऊन नेईपर्यंत. वहिनींनी फ्रीजला पाठ लावली आणि उभ्या राहिल्या. "ज्या घरात देवाचा नैवेद्य ठिवते त्या घरात ह्ये न्हाई." तू त्यांना शास्त्र समजावून सांगायला लागलास. ते चुकलं. मग मी डबी आत घातलेल्या डब्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली, म्हटलं, आता झाला हा वेगळा, आता तुमच्या नैवेद्याला त्याचा विटाळ नाही. तोंडाला आलं ते म्हटलं. पण वहिनी बाजूला झाल्या. पुण्याहून आलेल्या माणसानं तो कुंकू लावलेला डबा दोन्ही हातांनी घेतला होता, प्रसाद घ्यावा तसा. तू इतका हसलास की तुझा चहा सांडला, आणि त्या सांडण्याला आजार कारण नव्हता.

पट्टा आला आणि माझं येणं वाढलं. तुझ्या बोटांना त्याची बकल लावता येईना, वहिनींना चष्म्याशिवाय दिसेना आणि चष्मा सापडेना. म्हणून लोणावळ्याहून गाडी पकडायची, कामशेतला उतरायचं, तुझ्या पोटावर तो बांधायचा, तो चालू असेपर्यंत तुझ्याशी वाद घालायचा आणि पट्टा सोडून घरी यायचं. वाद कशावरूनही, नमुन्यांवरून, जंतूंवरून, राजकारणावरून, मी मसाल्यात खोबरं जास्त घालते यावरून. तू आडवा, सदरा गळ्यापर्यंत वर, बनियन वर, आणि मधे तो काळा पट्टा. एवढासा हिरवा दिवा लागलेला. बाकी उजेड डोळ्यांना दिसतच नव्हता. तो दिसणारा उजेडच नव्हता, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

काळा पट्टा म्हटलं खरं, पण मुळात तो पांढरा होता. काळी होती ती त्याची खोळ.

आपल्या घराला खोळींचा नाद. तांदळाच्या दुकानात कोंड्याची भुकटी सगळीकडे उडते म्हणून आबांनी वजनकाट्याला खोळ घातली, तिथून सुरू झालं. मग रेडिओला, मिक्सरला, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक. तुझा मोबाइल तीन वर्षं त्याच्या दुकानातल्या कागदासकट होता. एवढा महागाचा पट्टा उघडा वापरायचा हे तुझ्या मनाला पटणार कसं? पावसाळ्यात आपल्याकडे मोडक्या छत्र्यांचा तोटा नसतो. तू वहिनींकडून छत्रीच्या कापडाची खोळ शिवून घेतलीस, घामानं आणि ओलीनं पट्टा खराब होऊ नये म्हणून. बटणापुरती फट ठेवलीस. छान बसली होती, नवरदेवाच्या टोपीसारखी.

मॅडमनी सांगितलं होतं, पट्टा आणि पोट यांच्यामध्ये कपडा नको. म्हणून तर आपण सदरा वर करत होतो, बनियन वर करत होतो. खोळ हा कपडा आहे, असं आपल्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. खोळ म्हणजे वस्तूचाच भाग. उशीला कुणी विचारतं का, तू अभ्रा घातलायस का? शिवाय उजेड दिसत नाही, म्हणजे तो कापडातून जाणारच, छातीच्या फोटोचे किरण जातात तसा, असा तुझा हिशोब. आणि पुण्याला तपासणीला नेताना तू ती खोळ काढून घडी घालून कपाटात ठेवायचास, घरी पाहुणे आले की सोफ्यावरची चादर काढतात तशी. त्यामुळे त्यांनाही कधी कळलं नाही.

गंमत अशी की तू बरा होत गेलास. पोट साफ व्हायला लागलं. झोपेतलं ओरडणं कमी झालं. एके दिवशी मी आले तर सदऱ्याची बटणं तू स्वतः लावली होतीस, एक घर चुकलं होतं, पण लावली होतीस. तू पेठेतून स्टेशनापर्यंत मला सोडायला आलास, काठी हातात होती पण टेकत नव्हतास. एकदा तर म्हणालास, "सुमे, भाताचा वास येतोय." वहिनींनी त्या दिवशी भात लावलेलाच नव्हता, भाकरी होत्या. तरी आम्ही दोघी काही बोललो नाही. मला मनातून केवढा आधार वाटला होता, भाऊ. तुला वाटला असेल त्याहून जास्त. तुझं नाक परत येतंय, म्हणजे काहीतरी परत येऊ शकतं.

मग तो टीव्ही दुरुस्त करणारा आला. रिमोट चालतो की नाही हे त्यानं मोबाइलचा कॅमेरा रिमोटसमोर धरून पाहिलं. डोळ्यांना न दिसणारा ठिपका मोबाइलमध्ये जांभळा लुकलुकत होता. तो माणूस दाराबाहेर पडायची खोटी, तू कपाट उघडलंस. त्या दिवशी मी तिथंच होते. पट्टा खोळीतून काढून तू चालू केलास, मला म्हणालास, धर मोबाइल. पडद्यावर जांभळे ठिपके, रांगेनं, दिवाळीच्या माळेसारखे.

"खरा हाय. सुमे, माजा पट्टा खरा हाय."

तुझा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. तिथं थांबला असतास तर काय बिघडलं असतं? पण तू तू होतास. तू पट्टा परत खोळीत घातलास आणि म्हणालास, आता धर. मी धरला. पडद्यावर काही नाही. काळं. तू खोळ काढलीस, जांभळे ठिपके. घातलीस, काळं. किती वेळा केलंस कोण जाणे. मग खुर्चीत बसलास आणि हसायला लागलास, पोट धरून. "म्हंजे इतकं दिस मी छत्री बांदून झोपत व्हतो."

मला हसू येईना. तू मात्र हसून झाल्यावर जे विचारलंस ते मी विसरणार नाही. "मंग मी बरा कशानं झालो?"

तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. तुला मेजवानी मिळाल्यासारखं झालं. वहिनी रोज सकाळी देतात त्या नाचणीच्या आंबिलीनं? पट्ट्याच्या निमित्तानं रोज ठरल्या वेळी निवांत पडून राहिल्यानं? मॅडमनी पाणी जास्त प्या म्हटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तू कुणाचं तरी ऐकलंस, त्यानं? की नुसत्या आशेनं, बरं होणार आहे असं वाटल्यानं? तू म्हणालास एकेक गोष्ट सोडून बघू, आधी आंबील बंद. वहिनी म्हणाल्या, आंबील बंद तर जेवणही बंद, मग बघा कशानं बरं वाटतं. मी म्हटलं, माझं येणं बंद करून बघ. तू म्हणालास, "ते नगं. मंग भांडायला कोन?" आणि लगेच पुढचं बोलायला लागलास, म्हणून मीही ते तिथंच सोडलं.

आता आपलं भांडण.

मी म्हटलं, "खोळ फाडून टाक. आजपासून उघडा पट्टा लाव. नुसत्या छत्रीवर एवढा फरक, तर खऱ्या उजेडानं किती पडेल. आणि तोंडातून चकार शब्द काढू नकोस." तू म्हणालास, मॅडमना सांगावं लागेल. मी म्हटलं, सांगितलंस तर पट्टा काढून घेतील. तू म्हणालास, घेतील. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका माणसाच्या खोळीनं त्यांच्या अभ्यासाचं काय आभाळ कोसळतंय?

"सुमे, पोत्यात हात घालून मी एक मूठ काडतो. त्या मुठीवर समदं पोतं इकतं. मूठच खोटी दिली तर?"

"मग दे खरी मूठ आणि मर," मी म्हटलं.

"मरनार तर हायेच," तू म्हणालास, अगदी सहज, चहा घेणार का विचारावं तसं. "पर ह्यानंतर कुनाच्या पोटावर ह्यो पट्टा बांदत्याल, त्येला काय सांगायचं? कामशेतचा म्हातारा उजेडानं बरा झाला? तो तर छत्रीनं झाला."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटत राहिले. तू बाहेर फोन लावलास. मला तुझा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. नंतर कळलं ते असं, की मॅडमनी तुझी माहिती वेगळी काढून ठेवली, अभ्यासाच्या मोजदादीत धरली नाही. तुझा पट्टा खरा आहे हे तुलाच कळल्यामुळे तुला पुढं त्या अभ्यासात राहताही येणार नव्हतं. आठवड्याभरात माणूस आला आणि पट्टा घेऊन गेला. खोळही देऊ का, असं तू त्याला विचारलंस. तो ती घेऊन गेला, दाखवायला म्हणून.

त्यानंतर तू हळूहळू उतरत गेलास. पट्टा गेला म्हणून? त्या पट्ट्यातून तुला उजेड मिळालाच नव्हता, तर तो गेल्यानं काय जाणार? आजार आपल्या वाटेनं चालला होता म्हणून? आशा गेली म्हणून? माझं येणं आठवड्यातून एकदावर आलं म्हणून? मला माहीत नाही, भाऊ. मॅडमसारखं तोंडावर सांगते, माहीत नाही. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की उघड्या पट्ट्याचा खरा उजेड तुला एक दिवससुद्धा मिळाला नाही, आणि तो तू तुझ्या तोंडानं घालवलास. मी शेवटपर्यंत तुझ्यावर रागावलेली होते. आजही सकाळपर्यंत होते.

पौषातल्या थंडीत तुला गिळता येईनासं झालं, घास श्वासात गेला आणि न्यूमोनिया झाला. तळेगावच्या दवाखान्यात तू बहुतेक डोळे मिटून असायचास. एका दुपारी वहिनी डबा आणायला गेल्या होत्या आणि मी तुझ्याजवळ बसले होते. तू डोळे उघडलेस आणि भलतंच विचारलंस. आवाज इतका खोल गेला होता की मला कान जवळ न्यावा लागला.

"सुमे, मसाला भाजला ह्ये तू कशावर वळखतीस?"

मी म्हटलं, "वासावर. आणखी कशावर ओळखतात?"

तू माझ्याकडं बघत राहिलास. मग म्हणालास, "बरं." आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, तुला दुकान आठवत असेल, घर आठवत असेल. तुझ्या जिवाला आणखी एक घोर नको, म्हणून मी ते तसं सांगितलं होतं, आणि मनात म्हटलं, बरं झालं, ह्याला कळलं नाही.

आज सकाळी वहिनी फ्रीज पुसत होत्या आणि मी दारात उभी राहून परत तेच उगाळत होते. "त्या दिवशी त्यानं फोन केला नसता, तर निदान पट्टा तरी राहिला असता." मला वाटलं, त्या नेहमीसारखं "जाऊ द्या वन्सं" म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "त्यास्नी कुटं पायजे व्हता तो पट्टा. मॅडमला दोनदा न्हाई म्हनले व्हते की."

"मग तिसऱ्यांदा का हो म्हणाला?"

त्यांचा हात कप्प्यातच होता. म्हणाल्या, "तुमी त्या येळी मसाला आनला व्हता. लय करपल्याला. मी डबा उगडला तर नाकाला झोंबला. म्या ह्यास्नी म्हनलं, आवं, वन्संनी मसाला जाळलाय आन त्यास्नी पत्ता न्हाई. त्ये जेवलं न्हाईत त्या दिशी. दुसऱ्या आठवड्याला परत आनलात, त्योबी करपल्याला. मंग म्हनले, मॅडमला फोन लाव."

मी दारातून आत येऊन त्यांच्याशेजारी बसले. त्या पुढं सांगू लागल्या.

"मला म्हनले, तिला इतक्यात कायबी बोलू नगं, तिला भ्या वाटंल. आदी त्या उजेडाचं खरं काय त्ये बगतो. खरं असलं तर तिला येळंवर सांगता ईल. आता तुमी त्यांच्यावर रागं भरताय, म्हनून सांगावं म्हनलं."

भाऊ, स्वतः मेलास तरी तुला चालणार होतं, पण माझ्यासाठी खोटी मूठ काढायची नव्हती. आणि मी तुला म्हणत होते, गप बस. तू गप बसला असतास, तर तुझी ती बटणं, तुझं ते स्टेशनपर्यंत चालणं, सगळं त्या उजेडाच्या नावावर लिहिलं गेलं असतं, आणि उद्या मी ते खरं मानून डोळे झाकून पोटावर पट्टा बांधून घेतला असता. तुला माहीत होतं तर दवाखान्यात का विचारलंस? मी सांगेन असं वाटलं होतं का? आणि मी खोटं बोलले, तर "बरं" म्हणालास. त्या "बरं"चा अर्थ मी आता कुणाला विचारू?

वहिनी नंतर स्वयंपाकाला लागल्या. मी बाहेर ओट्यावर येऊन मॅडमना फोन लावला. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं, त्या आधी तुझ्याबद्दल बोलल्या, तुमच्या भावासारखा प्रश्न विचारणारा माणूस मी पाहिला नाही म्हणाल्या. मग मी माझं सांगितलं. उजेडाचं अजून काही नक्की ठरलेलं नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. तपासणीला या म्हणाल्या, वास जाण्याला दुसरी कारणंही असतात, घाबरू नका म्हणाल्या. आणि विचारलं, "वास कधीपासून येत नाही?"

माझ्या तोंडावर आलं होतं, हे आत्ता, दिवाळीपासून. इतके दिवस लपवलं हे सांगायची लाज वाटली. मग मी खरं ते सांगितलं, की दोन वर्षं होऊन गेली. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं खरं सांगितलंत, त्याचा फार उपयोग होतो."

त्या दिवशी तुलाही त्या असंच म्हणाल्या होत्या का रे? मी आत भांडी आपटत होते, मला ऐकू आलं नाही.